बालेवाडीत घर घेताय? आधी टँकरचं रजिस्टर मागा

प्रश्न असा आला आहे: "कोल्हापूरहून पुण्याला येतोय. मिस्टरांची नोकरी हिंजवडी फेज दोनला, माझी बदली स्वारगेटजवळच्या शाखेत. मुलगी दुसरीत जाईल, सासूबाई सोबत असतील. दोन घरं पाहून ठेवलीत. एक बालेवाडीत, बारा वर्षं जुन्या सोसायटीतला थ्री बीएचके. दुसरा म्हाळुंग्यात नव्या टॉवरमधला, थोडा स्वस्त. तिथं राहायला खरंच कसं वाटतं? ब्रोशरमधलं नको."

ताई, ब्रोशरमध्ये जे जे छापलेलं असतं ते चालू ठेवायचाच मला पगार मिळतो, त्यामुळे त्याचं कौतुक माझ्याकडून होणार नाही. सतरा वर्षं औंध, बाणेर, बालेवाडी या पट्ट्यात मी सोसायटी मॅनेजर म्हणून काम करते. आत्ता जिथे आहे तिथे चारशेच्या वर फ्लॅट आहेत. बाहेरून पाहिलं की इकडे सगळं गुळगुळीत दिसतं. काचेचं लॉबीद्वार, कारंजं, गणवेशातला वॉचमन. राहायला लागलं की आठवड्याभरात कळतं की गावात किंवा पेठेत नगरपालिका, महापालिका जे करते त्यातलं निम्मं इथे सोसायटीलाच करावं लागतं. पाणी आणा, मैलापाणी शुद्ध करा, कचरा जिरवा, रस्त्यावर दिवे लावा, पोरांना खेळायला जागा द्या. म्हणजे घर घेताना तुम्ही एका छोट्या ग्रामपंचायतीत दाखल होताय, आणि ती ग्रामपंचायत कशी चालते यावर तुमचं राहणं ठरणार आहे. तरणतलाव किती फूट खोल आहे यावर नाही.

पाण्यापासूनच सुरू करते.

माणशी दिवसाला १३५ लिटर हा ढोबळ हिशोब. दोनशे फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे दिवसाला १,०८,००० लिटर. महापालिकेचं पाणी त्यातलं किती येतं हे भागावर, उंचीवर आणि महिन्यावर अवलंबून. उरलेलं बोअर आणि टँकर. टँकर साधारण १०,००० लिटरचा. आता तुम्हीच करा भागाकार. पुण्याला पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या साखळीतून येतं, पण आमच्या बाजूला घरं आधी आली आणि जलवाहिन्या मागून. २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडीचं पाण्याचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नव्या बांधकाम परवानग्यांना काही काळ लगाम बसला होता. पुढे टाक्या झाल्या, वाहिन्या झाल्या, फरकही पडला. तरी एप्रिल-मे आले की माझा फोन पहाटे पाचला वाजतो.

पहिल्या नोकरीतली गोष्ट. मे महिना, रोज आठ टँकर, बिल वेळेवर, आणि तरी वरच्या मजल्यांना दुपारी पाणी नाही. प्लंबर म्हणाला गळती. गळती कुठे सापडेना. आमच्याकडे एक जुना माळी होता, जुन्नरकडचा. तो म्हणाला, "मॅडम, टाकीत बांबू टाकून बघा की." जमिनीखालची टाकी दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद. म्हणजे १०,००० लिटर पडले की पातळी बरोबर वीस सेंटिमीटर चढायला हवी. पहाटे पंप बंद ठेवला, बांबूवर खडूनं खूण केली, टँकर रिकामा होऊ दिला, बांबू पुन्हा बुडवला. पंधरा सेंटिमीटर. पुढचा टँकर, पुन्हा पंधरा. प्रत्येक खेपेला अडीच हजार लिटर वाटेतच कुठेतरी उतरत होते, आणि आमच्या रजिस्टरवर वॉचमनची सही १०,०००ची. तेव्हापासून माझ्या रजिस्टरला एक रकाना जास्त आहे: बांबू.

म्हणून सांगते, कुठलाही फ्लॅट पाहायला गेलात की सॅम्पल फ्लॅटमधल्या पडद्यांना हात लावत बसू नका. मॅनेजरच्या केबिनमध्ये जा आणि गेल्या उन्हाळ्याचं टँकरचं रजिस्टर मागा. दाखवायला का-कू केली तर तेही उत्तरच आहे. आणि तळघरात एसटीपीच्या, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या, खोलीपाशी जाऊन दोन मिनिटं उभ्या राहा. नीट चालणाऱ्या एसटीपीला ओल्या मातीसारखा वास येतो. कुबट, सडका वास आला तर समजा की वीजबिल वाचवायला त्यात हवा सोडणारे ब्लोअर बंद ठेवतात. मी एक सोसायटी बिल्डरकडून ताब्यात घेतली तेव्हा तिथली एसटीपी फक्त तपासणीच्या दिवशी चालू होत असे. एरवी पंपावर कोळ्यांची जाळी. ती दुरुस्त करायला सभासदांनी वर्गणी काढली, आणि त्या वर्षीचं गणपतीचं जेवण रद्द झालं. माफी नाही मिळाली मला अजून त्याची.

आता जाण्या-येण्याचं. तुमच्या घरात इथेच खरा पेच आहे, कारण तुम्ही दोघं विरुद्ध दिशांना जाणार.

मिस्टरांना हिंजवडी नकाशावर अगदी जवळ दिसेल. आहेही. पण मुळा नदी मध्ये आहे, आणि ती नुसती नदी नाही, पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची हद्द आहे. वाकडच्या कस्पटे वस्तीकडून बालेवाडीला जोडणारा पूल नदीवर बांधून झाला, पण बालेवाडीच्या बाजूची जागा ताब्यात येईना म्हणून वर्षानुवर्षं तसाच लटकून राहिला. आमचे लोक बाल्कनीतून तो पूल बघायचे आणि हायवेवरून वळसा घालून ऑफिसला जायचे. त्यामुळे किलोमीटर विचारू नका, कुणाही सभासदाला विचारा, "तुम्ही गेटातून किती वाजता निघता?" माझ्या गेटावर पावणेआठ ते सव्वानऊ हा काळ असा असतो की बूम बॅरिअर खाली यायलाच तयार नसतो. पावणेआठच्या आत निघणारा माणूस शांत असतो, साडेआठला निघणारा वॉचमनवर ओरडतो. पाऊस पडला की दोघंही सारखेच. पुष्कळ कंपन्यांत आठवड्यातले काही दिवस घरून काम असतं. मिस्टरांचे कुठले दिवस ऑफिसचे आहेत ते घर ठरवायच्या आधी नक्की करून घ्या. मंगळवार ते गुरुवार आणि सोमवार-शुक्रवार यांत माझ्या गेटावर बराच फरक दिसतो.

तुमचा प्रवास वेगळा. बाणेर रस्त्यानं विद्यापीठ चौक, तिथून शिवाजीनगर. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल मेट्रोसाठी २०२० मध्ये पाडला, आणि त्यानंतरची काही वर्षं त्या चौकानं आमच्या लोकांची काय दशा केली ते विचारूच नका. हिंजवडीजवळच्या माण गावापासून शिवाजीनगरपर्यंतची तेवीस स्थानकांची मेट्रो मार्गिका आमच्याच दारावरून जाते, पण तिचं नाव घेऊन कुणी दर वाढवून सांगत असेल तर घर ते स्थानक स्वतः चालून बघा, भर दुपारी, फूटपाथ कुठे संपतो ते मोजत. तुमच्या कामाची मेट्रो दुसरी आहे. शिवाजीनगरहून भुयारातून मंडईमार्गे स्वारगेट. त्यातला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. त्यामुळे बालेवाडी ते शिवाजीनगर बसनं किंवा स्कूटरवर आणि पुढे जमिनीखालून, असं माझ्या सोसायटीतल्या दोन बँकवाल्या बायका रोज करतात. त्यातली एक म्हणते, "मंडईला उतरून भाजी घेऊन येते, इथल्यापेक्षा स्वस्त आणि ताजी." म्हाळुंग्याहून याच प्रवासाला आणखी एक टप्पा लागतो. उलट मिस्टरांना म्हाळुंग्याहून माण रस्त्यानं फेज दोन गाठणं सोपं पडेल. कोण रोज जाणार आणि कोण तीन दिवस, यावर निकाल लावा.

म्हाळुंगे आणि सूस ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. बाणेर-बालेवाडी १९९७ मध्ये. या चोवीस वर्षांच्या अंतरात बरंच काही येतं: ड्रेनेज लाइन, विकास आराखड्यातले (डीपी) रस्ते, दवाखाना, पोरांना शाळेत सोडताना लागणारा फूटपाथ. जाहिरातीत म्हाळुंग्याला 'बाणेर ॲनेक्स' म्हणतात. गावाला आपलं नाव असताना ते का लपवायचं, हे मला कधीच कळलेलं नाही.

बरं, इथे माणसं कशी असतात? चांगली असतात. व्यग्र असतात. आणि बहुतेक सगळी कुठून ना कुठून आलेली असतात: लातूर, नागपूर, इंदूर, हैदराबाद. शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं आडनाव तीन वर्षांनी कळलं असं सांगणारे सभासद मी पाहिलेत, आणि कोविडमध्ये त्याच मजल्यावरच्या लोकांनी चौदा दिवस एकमेकांच्या दाराशी डबे ठेवलेलेही पाहिलेत. दोन्ही खरं.

सासूबाईंचं मात्र आधीच सांगून ठेवते. गेल्या वर्षी इचलकरंजीच्या एक आजी मुलाकडे राहायला आल्या. आठव्या दिवशी माझ्या केबिनमध्ये आल्या, हातात कांदा-लसूण मसाल्याची बरणी. म्हणाल्या, "बाई, इथं कुणाच्या घरी सहज कसं जायचं?" मी सवयीनं म्हटलं, "इंटरकॉमवरून आधी विचारायचं." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "विचारून गेल्यावर सहज कुठं राहिलं?" बरणी माझ्याच टेबलावर ठेवून गेल्या. तो मसाला चार महिने पुरला मला.

पुढे त्या बी विंगच्या खालच्या बाकावर बसायला लागल्या. आमच्याकडे संध्याकाळी पाच ते सात तिथे आजी-आजोबांची सभा भरते. त्यातले निम्मे सहा महिने इथले आणि सहा महिने गावचे. त्यांना गुरुवारी भजन करायचं होतं, क्लबहाउस मागितलं. नियमाप्रमाणे क्लबहाउसला तासाचं भाडं. कमिटीत पाऊण तास वाद झाला: भजन हा खासगी कार्यक्रम की सामाजिक? शेवटी सेक्रेटरीची आईच भजनात आहे असं कळलं आणि ठराव एकमतानं झाला. तुम्ही सोसायटी बघायला जाल ती वेळ संध्याकाळी सहाची ठेवा. बाकावर म्हातारी माणसं बसलेली दिसली तर सासूबाई तिथे रुळतील. बाक रिकामे आणि जिम भरलेली असेल तर जरा विचार करा.

मुलीची काळजी करू नका, तिला मजाच आहे. गेटाच्या आत गाडी नाही, साडेपाचला पन्नास पोरं खाली उतरतात, सायकल, क्रिकेट, भांडणं. फक्त सहा महिन्यांत ती तुमच्याशी हिंदीत बोलायला लागेल. खेळाची भाषा इथे हिंदी, शाळेची इंग्रजी, मराठी उरते आजीपुरती. आजी सोबत आहे हे म्हणूनच बरं. कोल्हापुरी ठसका तेवढा जपा, आमच्याकडे त्याची फार टंचाई आहे. आणि गेटाबाहेरचा रस्ता एकटीनं ओलांडायला तिला शिकवायचं काम तुमचंच. आतल्या सुरक्षित रस्त्यांवर वाढलेली बारा-तेरा वर्षांची मुलं बाहेरच्या चौकात बावरून उभी राहिलेली मी रोज बघते.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. तुमच्या टॉवरखालची जमीन तीस वर्षांपूर्वी शेत होती. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला क्रीडासंकुल झालं तेव्हा आजूबाजूला रानच होतं. ते शेतकरी कुठे गेले नाहीत, इथेच आहेत. कुणाचा टँकर आहे, कुणाचं हॉटेल, कुणाच्या गावठाणात पत्र्याच्या वीस खोल्या. बाणेरच्या भैरवनाथाची यात्रा अजून भरते, कुस्त्या होतात. त्या दिवशी रस्ता बंद म्हणून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चिडचिड सुरू होते, आणि मला दर वर्षी लिहावं लागतं की यात्रा सोसायटीपेक्षा जुनी आहे. जाऊन या एकदा. सोसायटीवाले आणि गाववाले यांच्यात बोलणं असलं की पाण्यापासून रस्त्यापर्यंत बरीच कामं सोपी होतात.

गावठाणातल्या त्याच पत्र्याच्या खोल्यांमधून सकाळी सहाला आमच्या गेटावर मावश्यांची रांग लागते. ॲपवर फोटो, बोटाचा ठसा, पिशवी तपासणी. माझ्या मागच्या सोसायटीत साडेतीनशे घरांत मिळून दीडशे बायका कामाला यायच्या, सकाळी सहा ते दुपारी दोन, आणि त्यांच्यासाठी एकही संडास नव्हता. क्लबहाउसचा वापरायचा नाही, घरातला कुणी देत नाही. मी विषय मांडला तेव्हा कमिटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "मग त्या आत्तापर्यंत काय करत होत्या?" उत्तर दिलं नाही मी. चार महिने लागले, शेवटी बेसमेंटमध्ये ड्रायव्हरांच्या खोलीशेजारी एक बांधला. 'कामगारांनी ही लिफ्ट वापरू नये' अशी पाटी मात्र अजून काही इमारतींत दिसेल तुम्हाला. सोसायटी कशी आहे हे मला त्या पाटीवरून पटकन कळतं.

पैशाचं पटपट सांगते, कारण कागद तुम्हाला बँकेत कळतातच. आधी विचारा, नोंदणी सहकारी सोसायटी म्हणून आहे की अपार्टमेंट कायद्याखाली. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं, अपार्टमेंटमध्ये हिश्श्याप्रमाणे, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. तुमचा थ्री बीएचके आहे, फरक पडेल. महिन्याचं मेंटेनन्स ७,५०० च्या वर गेलं आणि सोसायटीची वर्षाची जमा २० लाखांच्या वर असली तर १८ टक्के जीएसटी येतो. बालेवाडीच्या जुन्या सोसायटीत शेवटचा ऑडिट रिपोर्ट मागा आणि सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या पैशात, काय शिल्लक आहे ते बघा. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का तिथे जमायला हवा. लिफ्ट बारा वर्षांच्या आहेत, पुढच्या दहा वर्षांत बदलाव्या लागणार, आणि फंड रिकामा असेल तर ती वर्गणी तुमच्याच दारात येईल. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर, झालंय का, पार्किंग कुठल्या कागदावर दिलंय, विकणाऱ्याची थकबाकी नाही असा दाखला आहे का, हेही. महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत असते, फ्लॅट आधी भाड्यानं दिलेला असेल तर ती गेलेली असू शकते. ती मिळवायला पीटी-३ फॉर्म भरून घ्या. आणि घर एकट्या तुमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्क ७ ऐवजी ६ टक्के. मिस्टरांना ही ओळ जेवणानंतर दाखवा.

नव्या टॉवरमध्ये महारेराची, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी, पूर्णत्वाची तारीख आणि राहायला परवानगी देणारं भोगवटा पत्र बघा. पाच वर्षांत बांधकामाचे दोष निघाले तर दुरुस्तीची जबाबदारी बिल्डरची असते, निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाल्यावर तीन महिन्यांत सोसायटीही स्थापन करून द्यायची असते. कायदा चांगला आहे. तो वापरायला कमिटीत चार चिकाटीची माणसं लागतात, आणि नव्या टॉवरमध्ये ती कोण असतील हे आज कुणालाच सांगता येणार नाही. जुन्या सोसायटीत ती माणसं तुम्ही जाऊन भेटू शकता. माझा कल बालेवाडीच्या फ्लॅटकडे आहे तो याचसाठी. नदी किंवा नाल्याला लागून असेल तर मात्र निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या सरकारी रेषेच्या, कुठल्या बाजूला आहे ते आधी नकाशावर पाहून घ्या, आणि बेसमेंटच्या भिंतीवर पाण्याची ओल किती उंच चढलीय तेही.

शनिवार-रविवारचं एक. हाय स्ट्रीटच्या, म्हणजे बालेवाडीतल्या हॉटेलांच्या गल्लीच्या, जवळचा फ्लॅट असेल तर शनिवारी रात्री साडेदहाला खिडकी उघडून बेडरूममध्ये पंधरा मिनिटं बसा. एजंट त्या वेळेला यायला तयार होणार नाही, मालकाला गाठा. आणि रविवारी सकाळी सहाला बाणेरच्या तुकाई टेकडीवर चढा. अर्धी बालेवाडी तिथे भेटते, खाली ओळख न देणारी माणसंही वर हात करतात. का ते मला विचारू नका.

शेवटी, घाई नसेल तर खरेदीच करू नका इतक्यात. त्याच सोसायटीत भाड्याचा फ्लॅट बघा, अकरा महिन्यांचा करार, फेब्रुवारीपासून. म्हणजे मे पण बघाल आणि जुलै पण. भाडेकरूंना सर्वसाधारण सभेत मत नसतं, पण मागच्या खुर्चीवर बसून ऐकायला मी तरी कुणाला अडवत नाही. सभा साधारण सप्टेंबरच्या आत होते. ती पूर्ण ऐका, अगदी पार्किंगच्या भांडणासकट, चहा येईपर्यंत उठू नका. त्या दिवशी रात्री सासूबाईंना विचारा, राहायचं का इथं.